पाऊण नंबरचा चष्मा

अहेरीच्या बाजारातल्या चष्मेवाल्यानं माझे डोळे तपासले आणि कागदावर लिहिलं, उजवा वजा पाऊण, डावा वजा अर्धा. मग म्हणाला, "लावला तं चांगलं, नाई लावला तरी चालून जाते." या वाक्याचे दोन भाग होते. पहिला मी त्याच्याच दुकानात सोडला आणि दुसरा घेऊन मुलचेऱ्याला घरी आलो.

डोळे तपासायला मी आपण होऊन गेलो नव्हतो. आठवडाभर आधी अहेरीच्याच स्टँडवर मी मुलचेऱ्याची म्हणून सिरोंच्याच्या गाडीत बसलो होतो. कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा गाडी गावाबाहेर पडली होती. त्यानं मला रस्त्यात उतरवलं आणि मी बाजाराची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत परत चालत आलो. घरी सांगितलं की गाडीच उशिरा लागली. बायकोनं पिशवीतला कोमेजलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर पाहिली, माझे धुळीनं भरलेले पाय पाहिले आणि पाच मिनिटांत सगळं काढून घेतलं. ती घुग्घुसची. म्हणाली, "आमी कोळशाच्या धुळीत वाढलो तरी आमचे डोळे शाबूत. तुमी जंगलातले, जनमभर हिरवं पाहून राह्यले, आन् तुमचेच डोळे गेले."

गेले नव्हते. मी तिला रीतसर समजावून सांगितलं. मी कृषी सहाय्यक आहे. माझं काम बांधावरचं, हातभर अंतरावरचं. धानाच्या बुंध्याशी बसलेला तुडतुडा मला दिसतो, पानावरची खोडकिड्याची अंडी दिसतात. लांबचं पाहायला सरकारनं मला ठेवलेलं नाही. शिवाय शेतकरी काय म्हणतील? साहेबालेच दिसत नाई, तो आमची कीड काय पाहीन? बायको म्हणाली, शेतकरी काई म्हणणार नाई, तुमालेच लाज वाटून राह्यली.

ते खरं होतं. लहानपणी आमच्या गावात झाडावरचं मधाचं पोळं आधी मला दिसायचं. मोठी माणसं मला जंगलात बरोबर न्यायची आणि म्हणायची, पोराले घारीचे डोळे आहेत. माझ्याकडे अभिमान बाळगायला फारशा गोष्टी नव्हत्या. गणित यायचं नाही, पोहता यायचं नाही, आवाज फाटका. एक घारीचे डोळे होते, ते पाऊण नंबरासाठी सोडून द्यायचे म्हणजे फार झालं. चष्मेवाल्याच्या दुकानात मी एक काळी फ्रेम लावून आरशात पाहिलीही होती. आरशात एक बाबू बसला होता, सही राहिली म्हणून अर्ज परत करणारा. मी फ्रेम काढून ठेवली.

तेव्हा मी मुलचेऱ्यात नवा होतो, बदलून येऊन तीन-चार महिने झालेले. आणि या भागात डोळ्यांचं खरं काम शेतात नसतं, रस्त्यात असतं, हे मला अजून कळायचं होतं. आमच्याकडे समोरून माणूस आला की त्याला आधी आवाज द्यावा लागतो, आणि प्रत्येकाला एकच आवाज चालत नाही. कुणबी शेतकऱ्याला राम राम. गोंडाच्या पाड्यावर जोहार. बंगाल्यांच्या गावात नोमोश्कार. सिरोंच्याकडून आलेल्या तेलुगू माणसाला नमस्कारम. ऑफिसातल्याला नमस्कार सर. आणि आपल्या माणसाला, म्हणजे मी बौद्ध, तर आमच्या माणसाला जय भीम. ज्याला जो हवा तो द्यायचा, तोही वेळेवर द्यायचा. त्यासाठी समोरचा कोण हे वीस-तीस पावलांवरून कळायला हवं. माझ्या डोळ्यांना ते दहा पावलांवर कळायचं, आणि तोवर समोरच्याचं तोंड फिरलेलं असायचं.

म्हणून मी एक युक्ती काढली. चेहरा दिसत नसला तरी कपडा दिसतो. डोक्यावर पांढरी टोपी, तर राम राम. खांद्यावर लाल गमछा आणि खाली लुंगी, तर नोमोश्कार. पँट-शर्ट आणि हातात फाईल, तर सर. अशानं माझं दहातल्या सात वेळा जमायचं. उरलेल्या तीन वेळी काय झालं ते सांगायला नको, पण सांगतोच. तहसीलदार साहेब सकाळी गमछा टाकून फिरायला निघाले होते, त्यांना मी दणदणीत नोमोश्कार घातला. एका बांधावर पांढऱ्या टोपीच्या माणसाला दोनदा राम राम केला आणि तो बोलेना म्हणून रागानं जवळ गेलो, तर ते बुजगावणं होतं. बाजूच्या धुऱ्यावर बसलेला शेतकरी विड्याचं पान मोडत शांतपणे म्हणाला, "त्याले नका बोलू साहेब, थो ड्युटीवर आहे."

त्यानंतर मी युक्तीत एक सुधारणा केली. कपड्यावरूनही कळत नसेल तर खिशातून मोबाइल काढायचा आणि त्यात पाहत पुढे निघून जायचं. माणूस मोबाइलमध्ये असला की त्याला कोणी दोष देत नाही. ही सुधारणा मला फार आवडली होती.

रोज सकाळी मी दूध आणायला पायी जात असे. त्या रस्त्याला पुढे एक वळण आहे, तिथून एक वाट विहाराकडे जाते. सकाळच्या त्या वेळी वळणावर बहुतेक एक पांढरा ठिपका दिसायचा. कोणीतरी म्हातारा माणूस असावा इतकं कळायचं. मी जवळ पोचेपर्यंत तो विहाराच्या वाटेला लागलेला असायचा. ठिपक्याला कोणता नमस्कार करतात हे मला माहीत नव्हतं. मी मोबाइल काढायचो.

थंडीतल्या एका सकाळी मोबाइल घरी चार्जिंगला राहिला. वळणावर त्या दिवशी पांढऱ्याऐवजी तांबडा ठिपका होता. तांबडी शाल, डोक्यावर काहीतरी गुंडाळलेलं. आता हात रिकामे, त्यामुळे काहीतरी बोलणं भाग होतं. युक्तीप्रमाणे शाल आणि डोकं झाकलेलं म्हणजे गावातला कोणी पाटील. मी लांबूनच हात उंचावून म्हटलं, "राम राम, पाटील." ठिपका थोडा वेळ उभा राहिला आणि वळून निघून गेला. मी धुक्याला दोष दिला. मुलचेऱ्यात धुकं फार पडतं, असं मी घरी येऊन सांगितलंही. नाचता येईना, अंगण वाकडं.

चार दिवसांनी बायको विहारातून आली ती चप्पल न काढताच दारात उभी राहिली. "तुमी गुरुजीले काय बोलले?"

गुरुजी म्हणजे ज्यांनी मला पहिली ते चौथी शिकवलं. आमच्या वस्तीतून मी आश्रमशाळेच्या पुढे जाणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं, तेव्हा वडिलांना समजावून वसतिगृहाचा अर्ज त्यांनी स्वतः भरला आणि मला हाताला धरून चंद्रपूरला नेऊन सोडलं. जय भीम कसा म्हणायचा, मान वर करून, समोरच्याच्या डोळ्यात पाहून, हेही त्यांनीच शिकवलं. निवृत्तीनंतर ते मुलाकडे मुलचेऱ्याला राहायला आले होते. बदली झाल्या झाल्या मी एकदा त्यांच्या घरी जाऊन आलो होतो. पुन्हा जाऊ, जाऊ म्हणत राहून गेलं.

ती तांबडी शाल त्यांची होती. त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारात जुन्या विद्यार्थ्यांतर्फे ती त्यांच्या खांद्यावर मीच घातली होती.

विहारात त्यांनी तक्रार केली नव्हती. कोणीतरी माझा विषय काढला तेव्हा फक्त एवढं म्हणाले होते, "त्याले नोकरी लागली ना. आता आपल्या माणसाले रस्त्यात जय भीम म्हणायले जड जात असन." बायकोनं ते मला जसंच्या तसं सांगितलं आणि आत गेली. मला तेव्हा खरोखर रडू आलं. कोणी मला आळशी म्हणावं, विसरभोळा म्हणावं, मी भांडणार नाही. पण हे नको होतं, आणि त्यांच्या तोंडून तर नकोच होतं.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी नीट, मान वर करून जय भीम म्हटलं. त्यांनीही म्हटलं, "जय भीम. बस गा." मी बसलो आणि सांगून टाकलं की गुरुजी, त्या दिवशी मी तुम्हाला ओळखलंच नाही, माझे डोळे कमजोर झालेत.

"अस्सं," ते म्हणाले. "मंग चष्मा कुठी आहे?"

"अजून घेतला नाही."

"डॉक्टर काय म्हणला?"

"म्हणाला, नाही लावला तरी चालतं."

त्यांनी मान हलवली आणि मांडीवरचा पेपर माझ्याकडे दिला. "माह्या चष्म्याची काडी तुटली. थे शेवटच्या पानावरचं बारीक वाचून दाखव बरं."

शहाण्या माणसानं इथे अडखळायला हवं होतं. एखादी ओळ चुकवली असती तरी काम झालं असतं. पण गुरुजींनी वाचायला सांगितलं होतं आणि माझ्यातला चौथीचा मुलगा जागा झाला. कोर्टाची नोटीस, हरवलेलं गुणपत्रक, गट क्रमांक, कंसातले आकडे, सगळं मी खणखणीत आवाजात, स्वल्पविरामाला थांबून वाचलं. वर एक छपाईची चूकही काढून दाखवली. वाचून झाल्यावर शाबासकीसाठी वर पाहिलं.

"डोळे तं चांगले आहेत तुये," गुरुजी म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जवळचं दिसतं पण लांबचं दिसत नाही, हे मी नंतर तीन प्रकारे समजावलं. जितकं समजावलं तितकं ते मलाच खोटं वाटू लागलं. गुरुजींनी चहा दिला, मुलीची चौकशी केली, रागाचा एक शब्द बोलले नाहीत. निघताना फाटकापर्यंतही आले. ते रागावले असते तर मला झोप लागली असती.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि अहेरीला गेलो. चष्मेवाला म्हणाला, "तुमचा नंबर तं हलकाच आहे." मी म्हटलं, हलका नाही, तू बनव. फ्रेम तीच घेतली, अर्ज परत करणाऱ्या बाबूची. मला ती शोभत नाही असं माझी मुलगी म्हणाली. बायको म्हणाली, शोभण्यापुरतं काही उरलंच नव्हतं, आता निदान दिसेल तरी.

चष्मा आला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी दूध आणायला निघालो. रस्त्याकडेच्या सागाची पानं वेगवेगळी दिसत होती. लांबच्या घरावरचा धान-खरेदीचा फलक मी उगाच दोनदा वाचला. मग वळण दिसलं आणि वळणावर गुरुजी दिसले. पांढरा सदरा, डाव्या हातात काठी. तोच माझा रोजचा ठिपका. ते थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा उजवा हात वर गेला.

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. हात मलाच होता. मी तिथूनच मोठ्यानं जय भीम म्हटलं आणि जवळजवळ पळतच त्यांच्यापर्यंत गेलो. त्यांनी आधी माझ्या चष्म्याकडे पाहिलं.

"आता दिसलो का मी?"

"दिसलात. गुरुजी, तुम्ही इथून हात कधीपासून करता?"

"तू बदलून आला तवापासून," ते म्हणाले. "रोज करतो."

"त्या राम रामानंतर पण?"

"दुसऱ्या दिवशीबी केला. कालबी केला." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "शाळेत हजेरीच्या वक्ताले तू एका हाकेत कधी ओ दिली? म्हटलं, देईन कवातरी."

ते विहाराच्या वाटेला लागले. मी तिथेच उभा राहिलो. चार महिने, रोज सकाळी, या वळणावरून त्यांनी मला हात केला होता, आणि दर वेळी त्यांनी काय पाहिलं असेल ते आता मला स्वच्छ दिसत होतं. मी खिशातून मोबाइल काढत होतो.