तोतुयाच्या ताटातलं हाड

तोतुया अंगणात शिरली तेव्हा तेंतिमिश दगडावर सुरी घासत होता. तिला बघूनही त्यानं हात थांबवला नाही. घोडे लादून तयार होते, उन्हं चढायच्या आत कळप खिंडीच्या वाटेला लावायचा होता. वरच्या कुरणात, जायलोवर, आता चार महिने मुक्काम. आणि गोठ्याच्या दाराशी बुरुलची कालवड एक मागचा पाय काठीसारखा ताठ मागे टाकून उभी होती.

बुरुल ही तेंतिमिशची सून. कालवड तिला लग्नात आईनं दिलेली. त्या घरात तिची स्वतःची म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट.

"आपा, बघा ना हिला," ती तोतुयाला म्हणाली. "कालपर्यंत उड्या मारत होती."

"बघायचंय काय त्यात? खुबा निखळलाय," तेंतिमिश म्हणाला. "तीन पायांवर खिंड चढणार आहे का ती? आणि इथं मागे ठेवली तर राखायला कोण, लांडगे?"

हाडं बसवणारी गावात तोतुया एकटीच. आईकडून आलेली विद्या, आणि तिचा तोराही भारी होता. डोळ्यांनी बघतात ते नवशिके, माझी बोटंच बघतात, असं ती चारचौघांत सांगायची. तीन वर्षांपूर्वी याच अंगणात तिनं असंच एक वासरू आडवं पाडून, चारी पाय बांधून चाचपलं होतं. खुबा गेला, कापा, म्हणाली होती. संध्याकाळी मांस शिजलं आणि मानाचं जंबाश, म्हणजे खुब्याचं हाड, तिच्या ताटात आलं. मांस सोलताना खोबण उघडी पडली. गुळगुळीत, स्वच्छ. खुबा निखळला असता तर तिथं रक्त साकळलेलं असतं, चिंध्या झालेल्या असत्या. तिनं हाड उलटं ठेवलं आणि मुकाट्यानं जेवली. तेव्हापासून कुणी जंबाश पुढे केलं की दात राहिले नाहीत म्हणायची.

"पाडू का?" बुरुलनं दोरी आणली.

"नको. उभीच राहू दे."

कमरेला गुंडाळलेली दोरी सोडून तिनं मागून कालवडीचं माप घेतलं. कमरेच्या टोकापासून बसायच्या हाडापर्यंत, तिथून मांडीच्या गाठीपर्यंत. डावीकडे जेवढं, उजवीकडे तेवढंच. खूर बाहेर वळलेला नव्हता. पाय आखूडही नव्हता, उलट लांबच वाटत होता. तरी तिला धीर होईना. त्या वेळीही बोटांनी खात्रीनंच सांगितलं होतं.

"चालव हिला."

खुराचं टोक मातीत रेघ ओढत गेलं. खिंड चढेल म्हणावं तर कालवड वाटेत कोसळेल, नाही म्हणावं तर सुरी तयारच आहे.

"उन्हं आली, तोतुया," तेंतिमिश म्हणाला. "का वरात काढतेस तिची?"

"आता मागे रेट."

"मागे?" बुरुल गोंधळली.

"छातीला हात लाव आणि मागे रेट म्हणते ना."

एक पाऊल, दुसरं पाऊल. पोटालगतच्या वरच्या गुडघ्यात टक् झालं, पाय दुमडला आणि सरळ जमिनीवर आला. कालवड चालत गेली आणि तिनं पाण्याला तोंड लावलं.

बुरुल रडायला लागली. तोतुया होती तिथंच मातीत बसली. गुडघ्याची वाटी वर अडकली होती, बस. त्या वासराचंही हेच. दोन पावलं मागे चालवलं असतं तर ते जगलं असतं. पण बांधून पाडलेलं वासरू चालवणार कसं?

"पुन्हा अडकली तर अशीच मागे रेटायची," ती बुरुलला म्हणाली. "उतारावर पळवू नकोस." मग तेंतिमिशकडे न बघता म्हणाली, "तुझं ते मागचं वासरू. त्याचा खुबा शाबूत होता. मी चुकले."

सुरी थांबली.

"ठाऊक आहे," तेंतिमिश म्हणाला. "कापलं मीच ना. जंबाश तुझ्या ताटात मुद्दाम ठेवलं होतं. म्हटलं, बघेल आणि बोलेल. तीन वर्षं लावलीस."

"मग आज मला का बोलावलंस?"

"मी कुठे बोलावलं? सुनेनं बोलावलं. मी तर सुरी काढून बसलो होतो."

त्यानं सुरी म्यानात घातली आणि तिच्यापुढे हात केला.

"ऊठ. खाली ओल आहे."