चेर्नोबिलला ठेवून आलेले बूट

युक्रेनमध्ये मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी आणि माझी रूममेट एका दिवसाच्या सहलीने चेर्नोबिलला गेलो. मी लातूरची, ती नांदेडकडच्या नायगावची. तिचे वडील एसटीत कंडक्टर. रेडिएशनचा धडा नुकताच झाला होता आणि अणुभट्टी फुटल्यावर रिकामं झालेलं शहर कीवहून बसने दोन-अडीच तासांवर होतं. जायला एवढं कारण पुरलं. घरी सांगितलं नाही.

नाक्यावर पासपोर्ट तपासून झाल्यावर गाईडने गळ्यात अडकवायला रेडिएशन मोजणारे मीटर दिले. ही बाई चाळिशी ओलांडलेली, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. खाली बसायचं नाही, पिशवी टेकवायची नाही, शेवाळावर पाय द्यायचा नाही. शेवाळ रेडिएशन धरून ठेवतं, असं तिने दोनदा सांगितलं.

शहरात भीती वाटेल असं काही नव्हतं. दुकानाच्या पायऱ्यांतून झाडं वर आली होती, रस्त्याचं डांबर उखडून गवत माजलं होतं. आम्ही ओळीने मधून चालत होतो. एका गटाराच्या झाकणापाशी रूममेटने मीटर खाली धरला.

"बघ गं, इथं लई वरडून राहिलं हे."

"पाय काढ आधी," मी म्हटलं.

तिचा डावा पाय शेवाळावर होता. भारतातून निघताना तिच्या वडिलांनी नांदेडहून घेऊन दिलेले पांढरे बूट. तिने पाय उचलला आणि आम्ही पुढे गेलो.

एका पाच मजली इमारतीसमोर गाईड थांबली आणि चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीकडे बोट दाखवलं. ते तिचं घर होतं. भट्टी फुटली तेव्हा ती दहा वर्षांची होती. तीन दिवसांसाठी जायचंय असं सांगून सगळ्यांना बसमध्ये बसवलं होतं.

"नंतर कधी वर गेलात?" मी विचारलं. वॉर्डात पेशंटशी बोलण्यापुरती तिथली भाषा आम्हाला येत होती.

"एकदा गेले. दार कोणीतरी काढून नेलं होतं. बेलचं बटण तेवढं शिल्लक होतं. मी ते दाबलं, मग आत गेले."

ती हे सांगताना घड्याळाकडे बघत होती. आम्हाला जेवणाला उशीर होत होता.

"तुझ्या आजोळासारखं हाय की," रूममेट मला मराठीत म्हणाली. गाईडने काय म्हणून विचारलं, तेव्हा मी सांगितलं की माझ्या आईचं गाव किल्लारीच्या बाजूला होतं. भूकंपात ते पडलं. सरकारने दुसरीकडे नवीन गाव बांधून दिलं. जुन्या जागी आता दगड आणि बाभळी आहेत.

"तिथे जाता येतं?"

"येतं. शेळ्या चरतात तिथे."

"शेळ्या चरतात," ती एवढंच म्हणाली आणि चालू लागली.

परतताना प्रत्येकाने रेडिएशन तपासणाऱ्या एका मशीनमध्ये उभं राहून हात टेकवायचे होते. माझा हिरवा दिवा लागला. मागून रूममेट उभी राहिली आणि लाल लागला. पहारेकऱ्याने ब्रश आणि पाण्याची बादली दाखवली. तिने डाव्या बुटाचा तळ घासला. पुन्हा लाल. मी लेस काढून दिली, तिने बूट आतून-बाहेरून घासला. तरी लाल. माझा हिरवा आला याचं मला बरं वाटत होतं आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी बादलीकडे बघत राहिले.

शेवटी त्याने दोन्ही बूट ठेवून घेतले. मोज्यांवर मशीनने तिला सोडलं. गाईडने तिच्या पायांत प्लास्टिकच्या पिशव्या घालून रबर लावले, घोट्यापाशी नीट दुमडून, लहान मुलीला मोजे घालावेत तसे. बसमध्ये कोणी हसलं नाही.

दोन दिवसांनी तिने वडिलांना फोनवर सांगून टाकलं.

"पप्पा, बूट ठेवून घेतले तिथं."

"कुनी?"

"मशीननं."

"तुला काय झालं न्हाई ना?"

"न्हाई."

"मग तिकडं जायचंच कशाला म्हनतो मी."

तिने माझ्याकडे बघितलं.

पुढे शेवटच्या वर्षाला युद्ध सुरू झालं आणि आम्ही दोघी परत आलो. लातूरला पोचल्यावर मी गाईडला सहलीच्या वेळी घेतलेल्या नंबरवर मेसेज केला. आठवड्याने उत्तर आलं. ती पोलंडमध्ये बहिणीकडे होती, बरी होती. खाली विचारलं होतं, तुमच्या परीक्षांचं काय ठरलं?