आदल्या दिवशीच निघालेला पोळा

तलवाड्यात उत्तरेश्वरचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. पण त्याला कोणी शेठ म्हणत नाही. सगळे ‘लेखक’ म्हणतात, आणि म्हणताना मिशीतल्या मिशीत हसतात. यात त्याचा दोष एवढाच, की पुण्याला गेलेला एक वर्गमित्र एकदा फोनवर म्हणाला, “गावाकडचं कायबाय लिहीत जा की बे, हितं करमत न्हाई.” उत्तरेश्वरने ब्लॉग काढला, ‘गावाकडची खबर’ असं नाव ठेवलं आणि पहिल्याच लेखाच्या शेवटी लिहून टाकलं, ‘रोज भेटू. खंड पडणार नाही.’

माणसाने उखाण्यात शब्द द्यावा, निवडणुकीत द्यावा, पण लेखी देऊ नये. दिलाच तर रोजचा देऊ नये.

सुरुवातीला मजा होती. घाटात बंद पडलेल्या एसटीला धक्का मारणारा नवरदेव त्याने लिहिला. लोणच्याच्या बरणीवरून अबोला धरलेल्या सासूसुना लिहिल्या. नावं गाळली होती, तरी दुसऱ्या दिवशी त्या दोघी मिळून दुकानात भांडायला आल्या, म्हणजे अबोला त्याच्यामुळेच मिटला. पुण्यात, संभाजीनगरात, दुबईत बसलेली तलवाड्याची माणसं चहाआधी उत्तरेश्वर वाचायला लागली. दुकानात युरियाचं पोतं देता देता त्याला एखादं वाक्य सुचायचं आणि तो गिऱ्हाईकाला विसरून स्वतःशीच हसायचा.

पण गाव एवढंसं, आणि उजाडायचं मात्र एक दिवसही थांबत नाही. हळूहळू लिहिण्याजोगं सरलं, लिहिणं काही सरेना. ‘आज वातावरण ढगाळ आहे’ या विषयावर त्याने इतक्या वेळा लिहिलं, की ऊन पडलं तरी दुबईचे लोक छत्री घेऊन बाहेर पडत असतील. जेवताना तो बायकोला विचारायचा, “तुला आज काही विशेष झालं का गं?”

सत्यशीला भाकरी थापत म्हणायची, “तुमच्याशी लगीन झालं. आता आणखी काय व्हायचं ऱ्हायलंय?”

लग्नात गेला तरी त्याला नवरी दिसेना, विषय दिसे. मयतीत गेला, तर खांदा देता देता पहिलं वाक्य जुळवू लागला आणि स्वतःचीच लाज वाटून मागे सरला. झोप उडाली, मान आखडली, पोरांवर उगीच खेकसणं सुरू झालं. आणि सर्वांत वाईट म्हणजे स्वतःशी हसणं बंद झालं. जे आवडीने सुरू केलं, त्याचीच त्याला धास्ती बसली.

मग त्याने एक शहाणपणा केला. उन्हाळ्यात बायका पापड-कुरड्या घालून ठेवतात, तसे लेख आधीच घालून ठेवायचे. तारीख लावून ठेवली की ब्लॉग आपला आपण ते बाहेर सोडतो. पोळा तोंडावर होता. दरवर्षी काय होतं ते त्याला पाठच होतं. वेशीत तोरण बांधतात, मानाचा बैल बंकटनानांचा, तो तोरणाखालून पहिला जातो, मागून सगळं गाव. उत्तरेश्वरने एका बैठकीत पोळा साजरा करून टाकला. ‘नानांची जोडी वेशीतून निघाली आणि नानांच्या डोळ्यांत पाणी आलं’ अशा वाक्याने शेवट केला, तारीख लावली आणि कित्येक दिवसांनी सुखाने घोरला.

कॅलेंडरात अमावस्या दोन दिवसांवर पसरलेली होती. त्याने पहिला दिवस धरला. गावाने दुसरा धरला होता.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर बंकटनाना बसलेले. शेजारी आपला केळीचा गाडा लावून चाँद उभा. चाँद त्याचा शाळेपासूनचा दोस्त, आणि आजचा दिवस त्याला ईदपेक्षा गोड लागला होता, हे त्याच्या तोंडावरूनच दिसत होतं.

“या लेखक,” नाना म्हणाले. “माझा बैल अजून गोठ्यात शेण टाकायलाय. तू त्याला वेशीतून कवा काढलास?”

उत्तरेश्वरने मोबाइल काढून पाहिलं. ब्लॉगवर पोळा निघून गेला होता.

“यार, आता उद्या आम्ही काय करायचं?” चाँदने विचारलं. “बैल घरीच ठिवायचे का?”

“आन् माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतोस,” नाना म्हणाले, “ते कावून आलं? मला बी कळू दे की. उद्या रडायला सोपं जाईल.”

जमलेले लोक हसले. उत्तरेश्वरही हसल्यासारखं करून दुकानात शिरला. पण खरा घाव पुढेच होता. लेखाखाली पुणे-मुंबईच्या वाचकांचे अभिप्राय आलेले. ‘डोळ्यांसमोर उभं केलंत.’ ‘प्रत्यक्ष पाहिल्यासारखं वाटलं.’ न झालेला पोळा एवढ्या लोकांनी पाहिला, आणि एकालाही चुकल्यासारखं वाटलं नाही. त्याला वाटलं, मग मी कशाला हवाय? त्याने लेख खोडला आणि ठरवलं, आजपासून ब्लॉग बंद. संध्याकाळी घरी जाऊन बायकोला तसं सांगूनही टाकलं.

सत्यशीला “बरं” एवढंच म्हणाली, कारण तिच्या हातात वाटी होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते, आणि दुकान असलं तरी त्यांच्याही गोठ्यात एक बैलजोडी होती. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळायचं, आणि तेव्हापासून पोळा होईपर्यंत बैलाला जुंपायचं नाही.

“कासरा धरा,” ती म्हणाली.

उत्तरेश्वर बैलाजवळ उभा राहिला. सत्यशीला खांदा चोळत होती. बैलाने डोळे मिटले. मग तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि आमंत्रण दिलं, “आज आवतान घ्या, उद्या जेवाया या.”

दुसऱ्याही बैलाचं झालं. वाटीत थोडं तूप उरलं. तिने इकडेतिकडे पाहिलं, गोठ्यात तिसरं कोणी नव्हतं, आणि नवऱ्याच्या मानेवर हात ठेवून ते चोळायला लागली.

“अगं, शर्ट!”

“असू द्या. किती आखडलीया ही मान. गावाचं जू घेतल्यावानी.”

“म्हणून तर बंद करतोय म्हटलं.”

“खांदा सुजला म्हणून कुणी बैल इकतं का?” सत्यशीला म्हणाली. “जू खाली ठिवतेत. तुमाला रोज लिहा म्हणून सांगितलं कुणी?”

“मीच.”

“मग तुमीच सांगा, रोज न्हाई म्हणून. इतवारच्या इतवार लिहा. आणा तो फोन हिकडं.”

त्याने मान चाचपली आणि तिथेच तुपाच्या बोटांनी दोन ओळी लिहिल्या. ‘पोळा उद्या आहे. आजचा लेख माझ्या घाईचा होता, माफ करा. इथून पुढे आठवड्यातून एकदाच, रविवारी.’ फोन तिच्या हाती दिला. तिने तो कमरेला खोचला, आणि कमरेला खोचलेली वस्तू त्या घरात कोणी परत मागत नाही.

दुसऱ्या दिवशी पोळा खरोखर निघाला. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, हलगीचा कडकडाट. नानांचा मानाचा बैल ऐटीत वेशीपर्यंत आला, तोरणाखाली आला आणि थांबला. वेशीलगत चाँदचा गाडा होता. बैलाने तोरणाकडे नाही, केळ्यांकडे पाहिलं.

“अरं चल!” नाना ओरडले.

बैलाने एक अख्खी फणी सालासकट तोंडात घेतली आणि डोळे मिटून चघळायला लागला. मागे सगळ्या गावाचे बैल खोळंबले. मानाचा बैल जात नाही तोवर कोणालाच जाता येत नाही. हलगीवाला वाजवून वाजवून दमला. चाँद एका हाताने बैलाला ढकलत होता, दुसऱ्या हाताने उरलेली केळी छातीशी धरत होता आणि ओरडत होता, “नाना, तुमचा मान माझ्या गाड्यावर कावून काढता!”

उत्तरेश्वरला हसू फुटलं. असलं फुटलं की त्याने शेजारच्याचा खांदा धरला. हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा. पण वाक्य आलं होतं, अगदी टचटचीत, आणि त्याच्या मागोमाग दुसरं. कित्येक महिन्यांनी ती त्याने बोलावल्याशिवाय आली होती.

बैल एकदाचा गेला. गर्दी पांगल्यावर चाँद सालं गोळा करत त्याच्याजवळ आला. तोंडाने कुरकुरत होता, पण आपण आज मानकरी ठरलो हे त्याला कळलं होतं.

“हे लिहिशील ना बे? माझं नाव टाकून लिही.”

“लिहितो की. इतवारी.”

“इतवारी?” चाँद कळवळून म्हणाला. “यार, तोवर केळं काळं पडतंय!”

“पडू दे,” उत्तरेश्वर म्हणाला, आणि स्वतःशीच हसत घराकडे पुरणपोळी खायला निघाला.