साखरेतलं पाणी

“पोट्टी कामाची आहे, पण घुमी आहे बाई. काहून बोलत नाही कोणाशी, काय मालूम.”

संस्कृतच्या मॅडम हे चित्रकलेच्या मॅडमना सांगत होत्या, माझ्यापासून दोन हातांवर उभ्या राहून. मला मराठी येत नाही, अशी दोघींची खात्री होती. शंकर नगरच्या या हिंदी शाळेत मी विज्ञान शिकवायला रुजू झाले, तेव्हा त्यांनी हिंदीत विचारपूस केली आणि मी हिंदीतच उत्तरं दिली. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण लहानपणी इंग्रजी शाळेत गेल्यापासून घराबाहेर माझ्या तोंडून मराठी निघतच नाही. मग त्या माझ्यासमोरच माझ्याबद्दल बोलू लागल्या. आता मराठी बोलले तर आजवरचं सगळं मला कळत होतं, हे उघड होणार. म्हणून गप्प राहिले. मधल्या सुट्टीत त्या दोघी गप्पा मारत जेवायच्या, आणि मी प्रयोगशाळेत एकटीच डबा उघडायचे. आई-बाबा बिलासपूरला. चौबे कॉलनीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीवरही बोलायला कोणी नसे.

आज साखरेचा प्रयोग होता, तो बघायला दोघी आल्या होत्या. खिडक्या उघडून, हातमोजे चढवून मी भांड्यातल्या साखरेवर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड ओतलं. साखर पिवळी पडली, मग तपकिरी. थोडा वेळ काहीच नाही. मग एकदम काळी होऊन, वाफ सोडत ती भांड्याबाहेर उभी वाढू लागली. करपलेल्या पाकाचा वास आला, नाकाला झोंबणारा. कोरड्या साखरेत पाणी दिसत नाही, पण हायड्रोजन आणि ऑक्सिजन तिच्यात पाण्याच्याच प्रमाणात असतात. ॲसिड ते पाण्याच्या रूपात ओढून घेतं आणि कार्बन मागे राहतो. मुलांना मी हे हिंदीत सांगितलं. मागच्या बाकांपर्यंत पोचलं की नाही, कोण जाणे.

तास संपला, मुलं गेली.

“अनारशावाणी जाळी पडली पाह्य,” म्हणत संस्कृतच्या मॅडमनी तुकडा मोडायला हात पुढे केला. त्या जाळीत ॲसिड भरलेलं होतं, आणि ते अजून गरम होतं.

“हात नका लावू काकू, पोळते.”

हात थांबला. त्या माझ्याकडे वळल्या.

“तुले मराठी येते?”

मी मानेनंच हो म्हटलं.

“म्हणजे हिनं सगळं ऐकलं व माय,” चित्रकलेच्या मॅडम पुटपुटल्या.

“मग सांगितलं काहून नाही?”

मी हातमोजे काढले. दोघी अजून तिथंच उभ्या होत्या.

“उद्यापासून तुमच्यासोबत जेवायला बसू का मी?”