दहा नंबरचा पाना

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. खरं आहे ते. गल्लीत कुणाच्या सुनेला दिवस गेले की मला कळायचा अवकाश, संध्याकाळपर्यंत सगळ्या पडेगावला कळतं. आता अशा बाईने एक गोष्ट वर्षानुवर्षं दाबून धरली असेल, हे कुणाला पटेल? मलाच पटत नाही. पण धरली आहे. ह्यांना सांगितली नाही, सख्ख्या बहिणीला सांगितली नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही त्या विषयाला बगल देऊन बाकीचंच बोलत राहिले.

तुम्हाला आज का सांगते आहे, ते विचारू नका. मला नीट सांगता यायचं नाही. खरं म्हणजे ह्या सगळ्यातलं मला काहीच नीट सांगता येत नाही, तीच तर पंचाईत आहे.

आधी गाडीचं सांगते. ते सोपं आहे.

हे वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. कारखाना गुंडाळला तेव्हा ह्यांनी मुदतीआधीच घरी बसायचं ठरवलं, आणि महिन्याभरात छावणीतल्या एका निवृत्त सुभेदाराकडून जुनीपानी बुलेट ढकलत घरी आणली. ढकलतच, कारण चालू होत नव्हती. सीट उंदरांनी खाल्लेलं, टाकीला गंज, पुढचा दिवा फुटका. मी दारातच विचारलं, "हे काय भंगार?" तर म्हणाले, "हिच्यावर तुला रामेश्वरला नेतो."

रामेश्वर हे सासूबाईंना सांगायला होतं. तीर्थयात्रा म्हटल्यावर त्या काय बोलणार? ह्यांच्या मनात नुसता रस्ता होता. जन्मभर कारखान्याच्या बसच्या खिडकीतून एकच रस्ता पाहिलेला माणूस, त्याला बाकीचे सगळे रस्ते पाहायचे होते.

अशी लांबच्या पल्ल्याची गाडी तयार करून देणारे लोक असतात म्हणे. आमची काही तेवढी ऐपत नव्हती. म्हणून सगळं घरी, बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये. लोखंडी पलंग मोडला, त्याच्या पट्ट्यांचं सामान ठेवायचं कॅरिअर झालं. एका दुकानाची फुटकी पाटी आणून तिच्या ॲक्रिलिकची पुढची काच कापली. ट्रकची जुनी ताडपत्री मिळाली, तिच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या मी माझ्या मशीनवर शिवल्या. चार सुया मोडल्या. जिन्सीतला भंगारवाला आम्हाला ओळखायला लागला. "क्या भाभी, गाडी बनारे की बंगला?" असं विचारायचा आणि वर दोन स्क्रू फुकट द्यायचा.

आणि टेकू. माझी कंबर धरते, म्हणून मागच्या सीटला पाठ टेकायला ह्यांनी टेकू केला. आधी पुठ्ठ्याचा केला, मग लाकडाचा, मग खरा. दर वेळी मला बसवायचे. "आता टेक. इथं लागतं का? जरा वर घेऊ?" माझ्या पाठीचं माप शिंप्याशिवाय कुणी घेतलं नव्हतं हो तोवर.

असे दोन पावसाळे त्या शेडमध्ये गेले. मी टॉर्च धरायचे, पाने हातात द्यायचे. सगळे नंबर पाठ झाले. एकदा भाजीवाल्याकडे अर्धा किलो दोडक्यांऐवजी बारा-तेराचा पाना मागितला. इतकं हसलो आम्ही दोघं त्या दिवशी. लग्नाला तीस वर्षं होत आली होती, आणि मला वाटतं — आत्ता वाटतं, तेव्हा कुठं वाटत होतं? — तेच आमचे सगळ्यात चांगले दिवस होते.

मग मी ते का केलं?

थांबा. आधी पिशोरचं इंजिन सांगायला हवं, नाहीतर काय गेलं ते कळायचं नाही. पिशोरला ह्यांची शेती आहे, तिथे थोरले दीर आणि सासूबाई असतात. तरुणपणी ह्यांनी विहिरीवरचं इंजिन हौसेने खोललं आणि परत जोडता आलं नाही. शेवटी कन्नडहून मिस्त्री आणावा लागला. झालं, तेवढंच. पण ती गोष्ट प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला निघायची. दीर मांडीवर थाप मारून सांगायचे, "ह्याच्या हातचं एक काम शेवटाला गेलं नाय बघा!" सगळे हसायचे. हेही हसायचे. घरी आल्यावर मात्र जेवत नसत.

तर ही गाडी म्हणजे त्या इंजिनाला उत्तर होतं. ह्यांनी तसं कधी म्हटलं नाही, पण मला ठाऊक होतं. मला चांगलं ठाऊक होतं, हे लक्षात ठेवा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघणार होतो. त्याआधी खंडेनवमीला गाडीची पूजा, म्हणून सासूबाई आणि दीर पिशोरहून येणार होते. अष्टमीच्या दुपारी ह्यांनी शेवटचं काम केलं. सीटखाली बॅटरीची एक वायर गाडीच्या सांगाड्याला नटने आवळलेली असते, अर्थिंगची. मी टॉर्च धरला होता. नट कसला, परत कसला, आणि मला म्हणाले, "ही सुटली की सगळी गाडी मेली. ओढून बघ." मी ओढून बघितली. जागची हलली नाही.

मी ओढून बघितली होती. स्वतःच्या हाताने.

नवमीला सकाळी हे बसस्टँडवर आईला आणि दादांना आणायला गेले. निघण्याआधी फोनवर दादांशी बोलत होते, "एकट्यानं केली गाडी, दादा. घरच्या घरी." मी तेव्हा पूजेची तयारी करत होते. आमच्या घरात खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात. पूर्वी विळे, कुदळी असायच्या, आता ह्यांचे पाने, पक्कड, हातोडी. मी एकेक पाना फडक्याने पुसत होते. दहा नंबरचा हातात आला. आणि मी उठले, शेडमध्ये गेले, सीटचे नट काढले, आतला तो नट ढिला केला, वायर बाजूला सरकवली, सीट परत बसवलं. सगळ्याला तोच पाना लागतो. मग तो पुसून पाटावर ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं.

मला त्या वेळचं काहीच वाटलेलं आठवत नाही — म्हणजे फुलं कमी पडतील की काय, एवढंच वाटत होतं. माणूस असं करू शकतो? मी केलं, म्हणजे करत असणार.

पूजा झाली. गाडीला झेंडूचा हार, कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. गल्लीतली माणसं जमली होती. हे इस्त्रीचा शर्ट घालून बसले, किल्ली फिरवली. दिवा लागला नाही. हॉर्न वाजेना. किक मारली, परत मारली, मारत राहिले. शर्ट भिजला. लिंबू तसंच अख्खं.

"पाना आण," मला म्हणाले. तेवढ्यात सासूबाई आडव्या आल्या. "हत्यारं पूजेला मांडलीत ना रं? आज उचलायची नायती. उद्या सोनं वाटल्यावर काय ते कर." आमच्याकडे ती रीत आहेच; खंडेनवमीला हत्याराला विसावा. मला ती रीत माहीत होती का? होती की. मी त्याचा हिशोब धरला होता का? हे मला खरंच सांगता येत नाही. पण झालं असं, की ज्याला सगळं दुरुस्त करता येत होतं, तो माणूस दिवसभर हात बांधून त्या सजवलेल्या गाडीपाशी उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "उद्या बघतो" सांगत राहिला. दीर बोललेच, "इंजनाचा भाऊच हाय हा." लोक हसले. मी आत पुरणपोळ्या लाटत होते.

इथवरचं कदाचित तुम्ही माफ कराल. मीही स्वतःला केलं असतं. खोडी म्हणता आली असती, भीती म्हणता आली असती. पुढचं मात्र —

दसऱ्याला सोनं वाटून झालं आणि ह्यांनी पाना उचलला. सीट काढलं, आणि क्षणात सापडलं. नट बोटाने फिरत होता. हे खाली बसून तो पुन्हा पुन्हा फिरवून बघत राहिले. मग माझ्याकडे मान वर करून विचारलं, "मी कसला होता ना गं हा? तू टॉर्च धरला होतास. तू ओढून बघितलंस ना?"

तेव्हा सांगायचं. हसत सांगायचं — अहो, मीच ढिला केला, तुमची गंमत. चिडले असते, दोन दिवस अबोला धरला असता, आणि आम्ही निघालो असतो. माझ्या पुढ्यात दार सताड उघडं होतं.

"नाही कसलात," मी म्हणाले. "पिशोरचा फोन आला आणि तुम्ही उठलात. मला वाटलं, नंतर कसाल."

फोन आला होता. पण नंतर आला होता, सगळं झाल्यावर. बघा, किती चोख खोटं होतं. त्यात खऱ्याचाही तुकडा घातला होता. कुठून सुचलं मला?

हे माझ्याकडे बघतच राहिले. संशयाने नाही हो — संशय घेतला असता तर मी सुटले असते. आठवायचा प्रयत्न करत होते. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांना ते आठवायला लागलं. जे झालंच नव्हतं, ते. "हां," म्हणाले, "फोन आला होता खरा." दीर शेजारी उभे होते. ते टोमणा मारतील असं मला वाटलं, पण तेही खाली बसले आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. व्हतं असं. वय झालं आपलं." इतकं मऊ ते ह्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

नट कसला. गाडी पहिल्याच किकला चालू झाली. काय सुरेख आवाज होता तिचा. ह्यांनी ती बंद केली आणि मला म्हणाले, "बरं झालं इथंच कळलं. ब्रेकचा नट असा राहिला असता आणि तू मागं बसलेली..." रामेश्वर राहिलं. आधी म्हणाले दिवाळीनंतर जाऊ, मग म्हणाले उन्हाळ्यात. पुढे लासूर स्टेशनच्या एका तरुणाने गाडी मागितली, देऊन टाकली. माझ्या पिशव्यांसकट, टेकूसकट.

का केलं मी? प्रवासाची भीती? मला ह्यांच्या मागे कधीच भीती वाटली नाही. चारचौघांत पंजाबी ड्रेस घालून मोटारसायकलवर बसायची लाज? दोन ड्रेस हौसेने शिवले होते मी. कधी वाटतं, ते शेडमधले दिवस संपू नयेत म्हणून केलं. हे कारण मला फार आवडतं, म्हणूनच त्याचा भरवसा वाटत नाही. दिवस संपू नयेत असं वाटणारी बाई "नाही कसलात" म्हणते का? मग ते "एकट्यानं केली, दादा"? ते डाचलं असेल? इतकं? चार सुया आणि दोन वर्षांच्या टॉर्चसाठी कुणी आपल्या माणसाचे हात काढून घेतं? मी हे सगळं इतक्या वेळा उलटसुलट केलं आहे की आता कुठलं खरं आणि कुठलं मी रचलेलं, ते मलाच कळत नाही. एवढं कळतं की नट ढिला केला तो एकदाच. पण ते खोटं रोज बोलते आहे, गप्प राहून. सांगितलं तर ह्यांना आपले हात परत मिळतील. हे ठाऊक असून सांगत नाही. ह्यांच्या नजरेतून मी उतरू नये, म्हणून. बाकी कारण नाही.

घरात आता नळ गळला तरी माणूस बोलावतात. मिक्सरची पिनसुद्धा मला लावायला सांगतात. आणि कुठे बाहेर निघालो की हे कुलूप लावतात, दोनदा ओढून बघतात, पायरी उतरतात, आणि थबकून माझ्याकडे वळतात. "लागलंय ना गं? तू बघितलंस ना?"

"लागलंय," मी म्हणते. मग त्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि ते निघतात.