इमॅक्युलेट नाल्वोगाचा मुबाका

इमॅक्युलेट नाल्वोगा अपमान विसरत नाही, हे बुकोटोच्या त्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही गॉडवीन बियारुहांगाने तिचं नाव पुसलं. यात त्याचा मूर्खपणा किती आणि मस्ती किती, यावर तिथे अजूनही जेवणाच्या सुट्टीत वाद होतो.

स्वभाव जुनाच. मसाकाच्या शाळेत असताना वसतिगृहातल्या एका मोठ्या मुलीने, उशिरा आली म्हणून, तिच्या ताटातला पोशो, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, मातीत ओतला होता. इमाने ताट विसळून ठेवलं. त्याच मुलीने परीक्षेच्या सकाळी कंपासपेटी मागितली तेव्हा इमाने ती हसून दिली. आत एकाही पेन्सिलीचं टोक धड नव्हतं. आईमागे तिला वाढवलं ते वडिलांच्या बहिणीने, सेंगाने. सेंगा म्हणायची, "अपमान गिळणारीचं पोट कधी भरत नाही." पोरीने ते पाढ्यासारखं पाठ केलं.

पुढे ती प्रोग्रामर झाली. ऑफिस लहान; दवाखान्यांसाठी रुग्णांच्या वेळा ठरवणारी यंत्रणा बनवायचं. अमुक दिवशी, अमुक डॉक्टर, असा निरोप रुग्णाच्या मोबाइलवर जायचा. ही यंत्रणा सर्व्हरवर चालते, आणि ती नीट चालते का हे पाहायला सर्व्हरला दिवसभर विनंत्या पाठवाव्या लागतात: ही भेट दाखव, ती बदल, ती रद्द कर. त्यासाठी रंगीत बटणांची तयार सॉफ्टवेअरं मिळतात, पण ती उघडेपर्यंत वीज जायची. इमाला त्यांचा तिटकारा होता. तिने स्वतःचं साधन बनवलं. बटण नाही, चित्र नाही. काळी खिडकी आणि तीत टाइप केलेली एक ओळ. एकदा लिहिलेली विनंती साध्या मजकुराच्या फायलीत राहायची. पुढच्या वेळी नुसतं तिचं नाव टाइप केलं की ती पुन्हा जायची आणि उत्तर आणायची. नाव ठेवलं मुबाका, म्हणजे लुगांडा भाषेत दूत. खासदारालाही तिकडे मुबाकाच म्हणतात.

"तुझा मुबाका बरा बाई," शेजारच्या टेबलावरची प्रॉसी म्हणायची. "पाठवला की उत्तर घेऊन परत येतो. आमचा मतं घेऊन गेला, तो गेलाच."

या मुबाकाला दोन घरं माहीत होती. एक चाचणीचा सर्व्हर, जिथले रुग्ण खोटे. दुसरा खरा, जिथली माणसं खरी. खऱ्याकडे तोंड वळवलं की सगळी खिडकी लाल व्हायची. 'खात्री आहे का?' असं विचारायची सोय इमाने मुद्दामच ठेवली नव्हती. त्या प्रश्नाला माणूस न वाचता हो म्हणतो. लाल रंग वाचावा लागत नाही.

ऑफिसात सगळे मुबाका वापरू लागले, गॉडवीनसुद्धा. गॉडवीन म्बारारा बाजूचा, इस्त्रीच्या शर्टाचा आणि त्याहून कडक इस्त्रीच्या इंग्रजीचा. मालक लुबोवासाहेब पाहुण्यांपुढे त्यालाच उभं करायचे. सिस्टर पर्पेचुआ येणार होत्या. त्यांच्या मिशनच्या मुकोनोच्या दवाखान्यात ही यंत्रणा चालू होती, बाकीच्या दवाखान्यांचं ठरायचं होतं. त्याच आठवड्यात विभागप्रमुखाची जागाही भरायची होती, आणि ती सिस्टरांना पटवील त्याला मिळणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. इमाला ती जागा हवी होती. मुबाका तिचा होता, तेव्हा जागा आपलीच, असं ती धरून चालली होती.

आदल्या दिवशी तिने मुबाकाचं माहितीचं पान उघडलं. 'घडवणारी: इमॅक्युलेट नाल्वोगा' ही वरची ओळ तिथे नव्हती. तिथे गॉडवीनचं नाव होतं.

"गॉडवीन, हे कोणी बदललं?"

"अगं, ते होय! पाहुण्यांसमोर एकच चेहरा असावा म्हणून. टीमचंच आहे ना सगळं?"

"मग टीमचं नाव का नाही घातलंस?"

"किती मनाला लावून घेतेस, इमा! सिस्टर गेल्या की बदलू परत. चल, रोलेक्स खाऊ, माझ्याकडून."

तेवढ्यात लुबोवासाहेब दारातून डोकावले. "इमा, गॉडवीनचा तो मुबाका शिकून घे बरं का. उपयोगी पडेल तुला."

"हो साहेब," इमा म्हणाली.

गॉडवीन खाली बघत पेन शोधू लागला. पेन त्याच्या खिशातच होतं.

कोपऱ्यावरच्या गाडीवर रोलेक्स, म्हणजे चपातीत गुंडाळलेलं आम्लेट, खाताना त्याची भीड पुन्हा चेपली. उद्या काय काय दाखवणार ते तो सांगू लागला. "आणि ते लाल मी काढून टाकलं. पडद्यावर रक्त सांडल्यासारखं दिसत होतं. दवाखानेवाल्यांसमोर शोभत नाही गं."

इमाचा घास तोंडात थांबला. मग तिने तो सावकाश चावला.

"बरं केलंस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आल्या. सगळ्यांची सविस्तर विचारपूस झाली, दुधाचा चहा आणि भाजलेले शेंगदाणे झाले. मग पडदा उजळला. गॉडवीन खरोखरच चांगलं बोलत होता, हे इमाही नाकारत नाही.

"हा बघा सिस्टर, तुमचाच मुकोनोचा दवाखाना. आजचा, आत्ताचा." त्याने मुबाकाचं तोंड खऱ्या सर्व्हरकडे वळवलं. पडद्यावर रुग्णांची नावं उतरू लागली. खिडकी काळीच राहिली.

"हा कासुले अजून येतो आमच्याकडे?" सिस्टर म्हणाल्या. "मला तर वाटलं, मागच्या बिशपांबरोबर हाही गेला."

सगळे हसले. सिस्टर मात्र खुर्चीत पुढे सरकल्या. "बरं, समजा एखाद्या दिवशी डॉक्टर आलेच नाहीत, तर?"

"एक ओळ, सिस्टर. अख्खा दिवस रद्द, आणि प्रत्येकाला निरोप. खोट्या रुग्णांवर करून दाखवतो."

तो टाइप करू लागला. ओळीच्या आरंभी, बारीक अक्षरांत, मुबाकाने सर्व्हरचं नाव लिहिलं होतं: खरा. वाचणाऱ्याला दिसलं असतं. गॉडवीन पाहुण्यांकडे बघत होता, पाहुणे गॉडवीनकडे. इमा त्या शब्दाकडे बघत होती. 'थांब' म्हणायला वेळ होता, कारण गॉडवीन बोट उचलून धरून जादूगारासारखा क्षणभर थांबलादेखील. इमाने शेंगदाणा तोंडात टाकला.

बोट खाली आलं.

"झालं!" गॉडवीन म्हणाला.

काही वेळाने सिस्टरांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, आणि फोन कानापासून दूर धरला. "मुकोनोहून नर्स बोलतेय. बाकांवरून लोक उठून चाललेत. डॉक्टर नाहीत म्हणून सगळ्यांना निरोप आलाय. डॉक्टर तर आत बसलेत."

"बानांगे!" प्रॉसीने तोंडावर हात ठेवला.

"गॉडवीन, फिरव ते परत," लुबोवासाहेब म्हणाले.

गॉडवीनने दोन-तीन ओळी टाइप केल्या आणि खोडल्या. "साहेब, रद्द केलेलं परत... म्हणजे तशी विनंती आपल्याकडे नाहीये बहुतेक."

"नाहीये म्हणजे? तूच केलंयस ना हे?"

गॉडवीन इमाकडे वळला. "इमा, जरा मदत कर ना."

"मी कशी करू? मी तर शिकतेय अजून. कोणाचं आहे, त्यालाच विचारायला हवं."

"इमा, प्लीज. माणसं चाललीयेत तिकडे."

"म्हणून तर म्हणते, लवकर सांग. कोणाचं आहे?"

सिस्टर एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. लुबोवासाहेबांच्या कानशिलावरून घाम उतरत होता.

"तुझं," गॉडवीन म्हणाला.

"साहेबांना ऐकू नाही गेलं."

"मुबाका इमाने बनवलाय, साहेब. सगळा. मी नाव बदललं नुसतं."

इमा उठली. खुर्चीत बसल्यावर तिने पहिलं काम केलं ते खिडकीला लाल रंग परत देण्याचं. मुबाका विनंतीबरोबर आलेलं उत्तरही जपून ठेवतो. रद्द झालेल्या सगळ्या भेटी त्या उत्तरात जशाच्या तशा होत्या. तिने त्या पुन्हा नोंदवल्या आणि नवे निरोप पाठवले. "माहितीचं दुसरं पान वाचलं असतंस तर तुलाही जमलं असतं," ती म्हणाली.

सिस्टरांनी तिचं नाव विचारून घेतलं. "बाकीच्या दवाखान्यांचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी माझी माणसं परत बाकावर आणा." जागा इमाला मिळाली, लुबोवासाहेबांनी ते तिला जिन्यात, तिच्याकडे न बघता सांगितलं.

निरोप परत गेले तरी बरेच जण घरी पोचले होते. कोणीतरी फोन करून माफी मागायला हवी होती. विभागप्रमुख म्हणून इमाचा पहिला हुकूम तोच होता, आणि तो गॉडवीनला होता. आपल्या खुर्चीशेजारी तिने त्याला बसवलं आणि स्पीकर चालू ठेवायला लावला. म्बाराराकडची भाषा वेगळी, त्याची लुगांडा मोडकी. मुकोनोकडची म्हातारी माणसं विचारपूस पुरी झाल्याशिवाय कामाचं ऐकून घेत नाहीत.

"रात्र कशी गेली ते आधी विचार," इमा सांगायची. "मग घरचे कसे आहेत. ते तुला विचारतील, त्याची उत्तरं दे. घाई करू नकोस. मग माफी."

"तू कुठला रे?" एका आजोबांनी विचारलं. "तुझं बोलणं म्हणजे खडीवरून सायकल!"

ऑफिस खो खो हसलं. गॉडवीनने फोन ठेवला आणि आवाज खाली आणला.

"तू बघत होतीस. तो शब्द तुला दिसत होता."

"दिसत होता."

"आणि गप्प बसलीस?"

"माझं नाव पुसताना तूही ते वाचलं असशीलच. तेव्हा तू बोललास?"

"मी साहेबांना सांगेन."

"सांग. पुढचा नंबर लाव."

प्रॉसी हसायची थांबली होती.

पुढचा नंबर नाबावेसी नावाच्या म्हातारीचा होता. तिच्या डोळ्याची पट्टी त्या दिवशी सुटायची होती. निरोप आला म्हणून ती बोडाच्या, भाड्याच्या मोटारसायकलच्या, मागे बसून परत निघाली. वाटेत खड्ड्यात गाडी आडवी झाली. मनगट सुजलं होतं, पट्टी तशीच होती. ती रडत नव्हती, नुसती सांगत होती, आणि सगळं ऑफिस ऐकत होतं. गॉडवीनने फोन इमापुढे धरला.

"ही तू घे," तो म्हणाला. "ही चूक माझी एकट्याची नाही."

"कोण आहे तिथे? बोलत का नाही?" म्हातारी विचारत होती.

इमाने फोन घेतला. तिने विचारपूस केली, सेंगाने शिकवली होती तशी, एकही पायरी न गाळता. मनगटाचं विचारलं. उद्या सकाळी मिशनची गाडी दारात येईल, डॉक्टर आधी तुम्हालाच बघतील, असं सांगितलं. म्हातारीचा आवाज सैल झाला.

"तू तरी नीट बोलतेस गं पोरी. पण हे केलं कुणी?"

प्रॉसी इमाकडे बघत होती. गॉडवीनही.

"ज्याने केलं तो इथेच बसलाय, जाजा," इमा आजीला म्हणाली. "थांबा हं, देते त्याला." आणि तिने फोन गॉडवीनच्या हातात परत ठेवला.