दिन्याचे आबा

दुसऱ्याचं भाषण मोडण्यात दिन्याच्या आबांचा हात धरणारा माणूस अख्ख्या धुळे जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. दिन्या माझा वर्गमित्र आणि आबा त्याचे वडील. सोनगीरच्या अलीकडे हायवेला लागून आमचं गाव, तिथे त्यांची पिठाची गिरणी. जन्मभर पट्ट्याच्या खडखडाटावर ओरडून बोलल्यामुळे आबांनी कानात सांगितलेलं गुपितसुद्धा बसथांब्यापर्यंत ऐकू जायचं. भुवयांवर बारमाही पीठ. आणि खोटं म्हणून सहन व्हायचं नाही. एका लग्नात कुणीतरी माइकवरून नवरदेव निर्व्यसनी असल्याचं जाहीर केलं, तर आबा भर पंगतीतून उठले, "हाऊ? काल तं मनी गिरनीमांगे बिडी वढत व्हता!" लग्न लागलं कसंबसं, पण नवरदेवाचा मामा अजून दळण शेजारच्या गावाला नेतो.

दिन्या फौजेत गेला आणि काही वर्षांनी सीमेवरच्या चकमकीत कामी आला. तिरंग्यात गुंडाळून त्याला आणलं, तेव्हा पार नरडाण्याकडची माणसं लोटली होती. त्या दिवशी ज्याला जे सुचलं ते तो बोलला. आबांनी एकालाही अडवलं नाही. गावाला त्यांच्या त्या गप्प बसण्याचीच धास्ती वाटली. पुढेही दरवर्षी त्या तारखेला शाळेत पाहुणे यायचे, दिन्या लहानपणापासून कसा निडर, कसा शिस्तीचा होता ते सांगायचे, आणि आबा पहिल्या रांगेत मांडीवर टोपी ठेवून मुकाट ऐकायचे. शेजारी दिन्याची आई, अक्का, जमिनीकडे बघत.

मग शाळेच्या आवारात पुतळा बसला. पाहुण्यांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या, आणि त्या विरायच्या आत आवाज आला, "हाऊ कोन शे?"

मूर्तिकाराने दिन्याला पिळदार मिशा दिल्या होत्या.

"आबा, आपला दिनेश," सरपंच हळूच म्हणाले.

"मना पोऱ्याले मिशाच फुटत नव्हत्या!" म्हणेपर्यंत आबा माइकपाशी पोचलेदेखील. खरं तर त्यांना माइकची गरज नव्हती. "निडर म्हनतस त्याले. कुत्रं दिसनं का गल्ली बदली टाके तो! गनितमा नापास व्हये. मनी टोपी लपाडी ठेये." लोक हसायला लागले. पाहुण्यांना हसावं की नाही ते कळेना. आबा एकदम थांबले. पुढचं बोलले ते इतकं हळू, की माझ्या आठवणीत त्यांना पहिल्यांदाच माइक लागला. "इतला भित्रा पोऱ्या. तरी तठे उभा ऱ्हायना, मांगे सरकना नही. हाई सांगा ना लोकेस्ले."

तेवढ्यात अक्कांनी मान वर केली. दिन्या गेल्यापासून त्यांच्या तोंडून त्याचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. "आनि भरीत खाये नही," त्या म्हणाल्या, "खानदेशमा जन्मीसन!" आणि पदर तोंडाशी धरून हसता हसता रडायला लागल्या.

मूर्तिकाराने मिशा घासून काढल्या. ओठावर जरा खळगा राहिला, पण आबांनी तो चालवून घेतला. त्यानंतर पाहुणे बोलावणं बंदच झालं. त्या तारखेला आम्ही वर्गमित्र जमतो. मी जळगावहून येतो, रफिक धुळ्याहून. शाळेच्या ओट्यावर बसून दिन्याच्या गोष्टी सांगायच्या आणि आबांनी त्या दुरुस्त करायच्या. "शर्ट निळा नही, चौकडीना व्हता." पण दिन्या जगला तो थोडाच. त्याच्या गोष्टी तरी किती असणार? आम्ही सांगितलेल्याच पुन्हा सांगू लागलो. आबाही थकले. गिरणी आता दुसरंच कुणी चालवतं.

यंदा सगळ्यांकडचं संपलं होतं. आबा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. मग रफिकने एकदम सुरुवात केली. "मी नि दिन्या एकदा तापीवर गेलो," म्हणाला, "पूर आलेला, आणि दिन्याने घेतली उडी."

मी चपापलो. दिन्याला पोहता येत नव्हतं. गुडघ्याच्या वर पाणी आलं की तो किंचाळायचा. हे मला ठाऊक होतं, रफिकला ठाऊक होतं, आणि आबांना तर होतंच. आता आबा रफिकला सोलून काढणार म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो.

आबा पुढे सरकले. कानाशी हात नेला.

"मंग?" ते म्हणाले, "गया का तो पल्याड?"

"गया ना, आबा," रफिक म्हणाला.